पाठीला पाठ लावून बसवा, मुलं कान देऊन ऐकतील

पाचवी ते सातवीच्या वर्गात हा खेळ जरूर घ्या. दोघादोघांना पाठीला पाठ लावून बसवा. एकाच्या हाती साधं चित्र द्या: बैलबंडी, विहीर, कडुनिंबाचं झाड. त्यानं वस्तूचं नाव न घेता फक्त आकार आणि जागा सांगायची, दुसऱ्यानं पाटीवर काढायचं. पहिल्या फेरीत प्रश्न विचारायला बंदी, दुसरीत मुभा. ‘वर गोल काढ’ म्हणजे नेमकं कुठे, हे विचारलं नाही तर बंडीचं चाक आभाळात जातं, आणि चित्रं शेजारी ठेवली की ते मुलांनाच दिसतं. लेकरू वऱ्हाडीत सांगत असेल तर सांगू द्या. मधेच भाषा सुधारायला गेलात तर ते गप्प होतं. मेळघाटातल्या शाळेत कोरकू बोलणाऱ्या मुलांच्या जोड्या आधी आपसातच लावा.

मग अंगणात, एक शब्दही न बोलता, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर अशी वाढदिवसांची रांग लावायला सांगा. बोटं, भुवया, मान, सगळं कामाला लागतं. शेवटी प्रत्येकानं तारीख मोठ्यानं सांगायची. रांग जिथं चुकली तिथं थांबून विचारा: कोणती खूण उलटी समजली? या बोलण्याला खेळाइतकाच वेळ द्या.