चुना भिजवताना या चुका टाळा

पाऊस ओसरला की खानापूर-बेळगाव भागात जांभ्याच्या भिंतींवर दिवाळीसाठी चुन्याचा हात फिरतो. पुढे भिंत पांढरी झडू लागली की बोलणी चुन्याला बसतात. घोळ बहुतेकदा पाण्यापाशी झालेला असतो.

दुकानात ‘चुना’ मागा की कानडीत ‘सुण्ण’, कळीचा की भिजवलेला हे आधी विचारून घ्या. कळीचा चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. हिशेबाने ५६ किलो कळ्यांना १८ लिटर पाणी पुरते, पण उष्णता इतकी निघते की बरेचसे पाणी वाफ होऊन जाते. त्यामुळे पाणी कितीतरी जास्त घ्यावे लागते. कळ्यांच्या ढिगावर तांब्याभर पाणी ओतणे ही सगळ्यांत वाईट चूक. तेवढ्याच जागी पाणी उकळते आणि चुना तोंडावर उडतो. आधी लोखंडी पिंपात अर्ध्यापर्यंत पाणी घ्या, मग थोड्या थोड्या कळ्या सोडत लांब काठीने ढवळा. चष्मा लावाच. डोळ्यात गेलाच तर लिंबूबिंबू काही नको. पापणी उघडी धरून निदान १५ मिनिटे साध्या पाण्याची धार सोडा आणि लगेच दवाखाना गाठा.

प्लास्टिकची बादली उष्णतेने मऊ पडते. ॲल्युमिनियमचे पातेले तर चुना खातो आणि हायड्रोजन सुटतो.

कळ्या तापल्याच नाहीत? पोते बरेच दिवस उघडे राहिले असणार. हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषून तो चुना आधीच मेलेला असतो, त्यात आणखी पाणी घालून उपयोग नाही. भट्टीत जास्त भाजलेल्या कळ्यांचे वेगळे, त्या फार सावकाश विरतात. घाईने गिलाव्यात घातल्या तर राहिलेले कण नंतर भिंतीतच फुगतात आणि खपल्या उडून खड्डे पडतात. सफेदीचा चुना रात्रभर तरी मुरवून गाळा. गिलाव्यासाठी काही आठवडे मुरवा, वर पाणी ठेवून.

हाताला पांढरे लागत असेल तर भिंत कोरडी होती किंवा काम भर उन्हात उरकले. चुना नुसता वाळून घट्ट होत नाही. ओल असेपर्यंत हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याची पुन्हा चुनखडी होते. भिंत आधी शिंपडा आणि पातळ हात द्या, दोन-तीन. एकच जाड हात सोलून निघतो.

वेल्डिंगच्या दुकानामागचा कार्बाइडचा गाळ फुकट मिळतो म्हणून काहीजण सफेदीला आणतात. तोही चुनाच, पण आत न विरलेला कार्बाइड राहिला तर पाण्याने ॲसिटिलीन सुटतो. बंद खोलीत कुणी बिडी पेटवली की भडका. माझ्या मते ही काटकसर नकोच.

चिकोडी-संकेश्वरकडे उसाचा रस साफ करायला गुऱ्हाळात चुन्याची निवळी लागते. गरम पाण्यात चुना जास्त विरघळेल असे वाटते, पण उलटेच होते. २० अंशांना लिटरभर पाण्यात जेमतेम १.७ ग्रॅम, उकळत्यात त्याच्या निम्म्याहूनही कमी. निवळी थंड पाण्यातच करा आणि बेताने घाला, चुना जास्त झाला की गूळ काळवंडतो.