सरकारी वकील, न्यायाधीश, मग मानवाधिकार आयोग: या वाटेवर या चुका टाळा

दुपारचा लंच संपला की तालुक्याच्या कोर्टात रिमांड सुरू होतात. अशाच एका दुपारी मी दुसऱ्या कामासाठी मागच्या बाकावर बसलो होतो. विशीतला एक मुलगा आणला होता, मोबाईलचोरीचा आरोप. व्हरांड्याच्या तीन पायऱ्या चढताना त्याचा डावा पाय टेकत नव्हता. ते मी पाहिलं. दाराशी फाईल चाळत उभ्या असलेल्या सरकारी वकिलांनीही पाहिलं. आत न्यायाधीशांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" मुलाचा दंड हवालदाराच्या मुठीत होता. त्याने एकदा मागे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. "तक्रार नाही" अशी नोंद झाली, पोलीस कोठडी मिळाली आणि पुढच्या प्रकरणाचा पुकारा झाला.

सरकारी वकील काही बोलले नाहीत. पुढे ते न्यायाधीश झाले, चांगले न्यायाधीश झाले. निवृत्ती जवळ आली तेव्हा राज्य मानवाधिकार आयोगावर काम करायची त्यांना मनापासून इच्छा होती. "अर्जात काय लिहू?" असं त्यांनी मला विचारलं तेव्हा मी त्यांना ती दुपार सांगितली. थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, "डावा पाय."

या वाटेवर निघालेल्या तरुण वकिलांसाठी हे लिहितो आहे. आयोगाचा विचार साठाव्या वर्षी सुरू करायचा, ही यातली सगळ्यात मोठी चूक. बाकीच्या बऱ्याचशा तिच्यातूनच निघतात.

रिमांडची दोन मिनिटं

डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये अटकेबाबत अकरा दंडक घालून दिले. अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीनिशी करायचा, नातेवाइकाला कळवायचं, कोठडीत दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी करायची. यातलं बरंचसं आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यातही आहे. कागदोपत्री सगळं पूर्ण असतं. चूक होते ती कागद बघण्यात आणि माणूस न बघण्यात.

तुम्ही सरकारी वकील असाल तर कोठडी मागण्याआधी आरोपीकडे एकदा नीट बघा. लंगडतोय, हात सुजलाय, बसताना कण्हतोय असं दिसलं तर स्वतःहून न्यायालयाला सांगा, "मेडिकल करून घ्यावं." त्याने सरकार पक्षाची बाजू पडत नाही. उलट कबुली दबावाखाली घेतल्याचा आरोप पुढे खटल्यात झाला, तर हीच नोंद तपासाच्या कामी येते.

तुम्ही न्यायाधीश असाल तर तक्रारीचा प्रश्न पोलीस मागे उभे असताना विचारू नका. त्यांना दाराबाहेर थांबायला सांगा, एक मिनिट लागतं. "तक्रार आहे का?" याऐवजी "पायाला काय झालं?" असं विचारा. आणि तो जे बोलला त्यासोबत तुम्हाला जे दिसलं तेही लिहा. "आरोपी डावा पाय टेकवत नाही, तक्रार नाही म्हणतो, वैद्यकीय तपासणीचा आदेश." एवढी एक ओळ. काही महिन्यांनी एखाद्या आईची तक्रार आयोगाच्या टेबलावर आली, तर पुरावा म्हणून कित्येकदा एवढी ओळच उरलेली असते.

शिक्षेचे आकडे मोजणे

सरकारी वकिलाची किंमत किती आरोपींना शिक्षा लागली यावरून करायची सवय खात्यात आहे, वकिलांमध्ये आहे आणि वर्तमानपत्रांतही आहे. शिवकुमार विरुद्ध हुकुमचंद या 1999 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की काहीही करून आरोपीला शिक्षा लावण्याची तहान सरकारी वकिलाला नसावी. आरोपीच्या फायद्याची एखादी गोष्ट त्याचा वकील विसरला, तर ती न्यायालयापुढे आणणं हेही सरकारी वकिलाचंच काम.

महाराष्ट्रात या गोष्टीला इतिहास आहे. इथे सहायक सरकारी अभियोक्ते पोलीस खात्याच्या हाताखाली काम करत. ते चालणार नाही, त्यांच्यासाठी वेगळा अभियोग विभाग करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली एस. बी. शहाणे प्रकरणात राज्य सरकारला दिला. खातं वेगळं झालं, पण सरकारी वकील आणि तपास अधिकारी रोज शेजारी बसतात, चहा एकत्र होतो, आणि मन वेगळं व्हायला वेळ लागतो. जबाब वाचताना तुम्हाला खटकलेली गोष्ट तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं पुढे कोणालाच आठवत नाही.

वर्षं चुकीची मोजणे

न्यायाधीशपदासाठीचे अनेकांचे अर्ज इथे अडकतात. सरकारी वकिली ही "वकिली" धरतात का? धरतात. दीपक अगरवाल विरुद्ध केशव कौशिक या 2013 च्या निकालाने हा प्रश्न मिटवला. न्यायालयात उभं राहून काम चालवणारा पगारी सरकारी वकील हा घटनेच्या 233 व्या अनुच्छेदासाठी, म्हणजे जिल्हा न्यायाधीशाच्या नेमणुकीसाठी, वकीलच. पण मंत्रालयात किंवा महामंडळात बसून नुसत्या फाईलवर अभिप्राय देणारा विधी अधिकारी त्यात आपोआप बसत नाही. म्हणून चालवलेल्या खटल्यांची यादी आजच करायला घ्या, आणि नेमणूक झाली म्हणून विचार न करता वकिलीची सनद जमा करून टाकू नका. दहा वर्षांनी जुन्या कोर्टातून नकला काढताना काय हाल होतात ते विचारू नका.

दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पहिल्या पायरीसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 रोजी पुन्हा लागू केली. थेट जिल्हा न्यायाधीश होण्याच्या बाबतीत 9 ऑक्टोबर 2025 चा घटनापीठाचा निकाल महत्त्वाचा आहे. न्यायिक सेवेतल्या माणसाला आता वकिली आणि न्यायाधीशपद मिळून सात वर्षं दाखवता येतात, वयाची किमान अट 35. त्याआधी 2020 च्या धीरज मोर निकालामुळे सेवेत गेलेल्यांना हे दार बंद झालं होतं. जुन्या मार्गदर्शकांवर विसंबून "आपल्याला जमणार नाही" म्हणणारे आजही भेटतात. त्यांनी नवा निकाल वाचावा.

"वीस वर्षं न्यायाधीश होतो" पुरत नाही

मानवाधिकार संरक्षण कायदा 1993 चा. त्याचं कलम 21, 2019 च्या दुरुस्तीनंतर, राज्य आयोगाच्या अध्यक्षपदासाठी उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती किंवा न्यायमूर्ती मागतं. एक सदस्य उच्च न्यायालयाचा आजी-माजी न्यायमूर्ती, किंवा राज्यातला जिल्हा न्यायाधीश असावा लागतो, आणि जिल्हा न्यायाधीश म्हणून त्याची किमान सात वर्षं झालेली हवीत. कनिष्ठ स्तर, वरिष्ठ स्तर यांची वर्षं त्यात मिळवता येत नाहीत. आपल्याकडे निवृत्ती साठीला. बढतीने चौपन्नाव्या वर्षी जिल्हा न्यायाधीश झालेला माणूस सहा वर्षांत घरी जातो आणि एका वर्षाने हुकतो. ज्यांना हे पद खरंच हवं आहे त्यांनी मर्यादित विभागीय परीक्षा (सेवेतल्या न्यायाधीशांसाठीची बढतीची स्पर्धा परीक्षा) किंवा थेट भरतीचा विचार पन्नाशीच्या बराच आधी करावा.

हुकलात तर? दुसरं सदस्यपद मानवाधिकारांचं ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या व्यक्तीसाठी आहे. तिथे हुद्दा विचारला जात नाही, काम विचारलं जातं. विधी सेवा प्राधिकरणात असताना तुरुंगाच्या भेटी नुसत्या सह्यांपुरत्या केल्या की कैद्यांशी बोललात, किती कच्च्या कैद्यांना जामीन मिळवून दिला, हे इथे मोजलं जायला हवं. शिवाय याच कायद्याच्या कलम 30 खाली सत्र न्यायालयाला मानवाधिकार न्यायालय म्हणून नेमता येतं आणि कलम 31 खाली तिथे सात वर्षं वकिली केलेला विशेष सरकारी वकील लागतो. सरकारी वकिलाला हे काम न्यायाधीश न होताही करता येतं. त्याची फारशी चर्चाच होत नाही, याचं मला वाईट वाटतं.

निवड करते ती समिती मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची. विधानसभा अध्यक्ष, गृहमंत्री, विधानसभेतले विरोधी पक्षनेते, आणि आपल्याकडे विधान परिषद असल्याने तिचे सभापती आणि तिथले विरोधी पक्षनेतेही. नेमणूक राज्यपालांची. यातल्या एकाच खुर्चीकडे चकरा मारणं ही चूक आहे, आणि सेवेत असतानाच त्या मारणं ही त्याहून मोठी. ज्या गृहखात्याविरुद्धच्या तक्रारी उद्या ऐकायच्या, त्याच्या मंत्र्याच्या बंगल्यावर आज तिष्ठत बसलात तर निकाल लिहिताना पेन अडखळेल.

कोठडीतला मृत्यू: चौकशी करणारे तुम्हीच असता

पोलीस किंवा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला तर चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याकडे येते, आज सुरक्षा संहितेच्या कलम 196 खाली. नव्याने रुजू झालेल्या न्यायाधीशाच्या वाट्याला हे काम अचानक येतं. शवविच्छेदनाचा अहवाल आणि ठाण्याची डायरी एवढ्यावर अहवाल आटोपणं ही सर्रास होणारी चूक. त्या रात्री कोठडीत सोबत असलेल्या इतर आरोपींचे जबाब घ्या, ते दुसऱ्या तुरुंगात हलवले जाण्याआधी. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण पहिल्याच दिवशी लेखी आदेशाने राखून ठेवा. परमवीरसिंग सैनी निकालाने 2020 पासून प्रत्येक ठाण्यात कॅमेरे आणि चित्रण साठवण्याची सोय बंधनकारक केली आहे. परभणीत डिसेंबर 2024 मध्ये झालेल्या मृत्यूच्या प्रकरणात न्यायदंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल राज्य आयोगापुढे गेला आणि पुढे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. तालुका-जिल्ह्याच्या पातळीवर लिहिलेला अहवाल किती लांब जातो ते यावरून कळतं.

आयोगात पोचल्यावर कोर्टच चालवणे

नेमणूक तीन वर्षांची, किंवा वयाच्या सत्तरीपर्यंत, जे आधी येईल ते. आयोगाला दिवाणी न्यायालयासारखे समन्स काढण्याचे, शपथेवर जबाब घेण्याचे अधिकार आहेत, पण शिक्षा देता येत नाही, शिफारस करता येते. जन्मभर हुकूम दिलेल्या माणसाला हे जड जातं. मग तारखांवर तारखा पडतात आणि तक्रारदाराकडून संशयापलीकडचा पुरावा मागितला जातो. गडचिरोलीहून किंवा नंदुरबारहून मुंबईला सीएसएमटीसमोरच्या कार्यालयात दर तारखेला येणं मजुराला परवडत नाही. त्याने मराठीत, हाताने लिहिलेला एक कागद पाठवला तर तेवढ्यावर अहवाल मागवा.

शिफारस लिहिताना रक्कम, जबाबदार खातं आणि मुदत स्वच्छ लिहा. सरकारला एका महिन्यात कार्यवाहीसह उत्तर द्यावं लागतं, ती तारीख डायरीत मांडा. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2021 मध्ये अशा शिफारशी सरकारवर बंधनकारक असल्याचं म्हटलं आहे. आपल्या आदेशात त्याचा आधार घ्या.

आणि टपाल उघडल्या दिवशीच घटनेची तारीख फाईलच्या वर लाल शाईने लिहायला सांगा. घटनेपासून एक वर्ष उलटलं की कलम 36 आयोगाला चौकशीच करू देत नाही, आणि तुरुंगातून निघालेलं पत्र कधीकधी अकराव्या महिन्यात पोचतं.