हरिहरेश्वर ते आंजर्ले, कॅमेरा मांडीवर ठेवून

हे अंतर एका दिवसात उरकू नका. मी दोन मुक्काम करते, तेही मार्चमध्ये, कासवांची पिल्लं निघतात तेव्हा.

बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडा. गाडी लावली की खाली उतरून कठड्याशी उभं राहा, घारी अगदी जवळून जातात. शटरचा वेग १/१६०० सेकंदापेक्षा कमी नको.

वेसवीहून बाणकोटमार्गे वेळासला संध्याकाळच्या आधी पोचा आणि घरगुती मुक्काम करा. इथे २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपली जातात. सकाळ-संध्याकाळ घरट्यावर झाकलेली टोपली उचलतात. कधी खाली काहीच नसतं, कधी वाळू हलते आणि तळहाताहून लहान, काळपट पिल्लू वल्ह्यासारखे पाय मारत बाहेर येतं. फ्लॅश कटाक्षाने बंद. दोरीच्या मागेच पालथं झोपा, लेन्स वाळूलगत आणा, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) वाढवा. पिल्लाला हात लावायचा नाही, फोटो हुकला तरी चालेल!

केळशीत फक्त जेवायला थांबा.

आंजर्ल्याला मात्र ओहोटीची वेळ गाठा. ओल्या वाळूवर कुरव पक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसतात. सरळ चालत गेलात तर अख्खा थवा उडतो. तिरकं, बसत-बसत सरका. सुरूच्या शेंड्यांवरही नजर असू द्या, तिथे समुद्री गरुड दिसू शकतो.