अंड्यावरच्या कोंबड्यांना कॅल्शियम, व्हिटॅमिन नेमकं कसं द्यायचं

पातळ कवचाची अंडी यायला लागली की लोक लगेच व्हिटॅमिनचं औषध पाण्यात घालतात, पण बहुतेक वेळा कमी पडलेलं असतं कॅल्शियम, म्हणून आधी तेच बघा.

एका कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं, आणि खाल्लेलं सगळं काही अंगी लागत नाही, त्यामुळे कोंबडीच्या पोटात रोज ४ ग्रॅमच्या आसपास जायला हवं. ती दिवसाला ११० ग्रॅम खात असेल तर खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम लागतं. तयार लेयर खाद्यात, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठीच्या विकतच्या खाद्यात, एवढं असतंच, पण वरून मूठमूठ धान्य टाकत राहिलात तर पोट त्यानेच भरतं आणि प्रमाण खाली येतं. ही सवय आधी मोडा.

आता खरी गंमत, कवच जास्त करून रात्री बनतं, तेव्हा कोंबडी काहीच खात नसते. चुनखडीची बारीक पावडर तोवर पोटातून पुढे निघून गेलेली असते, २ ते ४ मिलिमीटरचे जाड कण मात्र गिझार्डमध्ये, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटाच्या भागात, अडकून हळूहळू विरघळतात. म्हणून शिंपल्याची भरड वेगळ्या भांड्यात ठेवा, दुपारनंतर तर नक्कीच. ज्यांना गरज आहे त्या बरोबर भांड्याशी जाऊन टोचायला लागतात, बघत राहावंसं वाटतं. अंडी सुरू न झालेल्या तलंगांना मात्र हे देऊ नका हं, त्यांना एक टक्क्याच्या आसपास पुरतं, जास्तीचं किडनीवर येतं.

कॅल्शियम शोषायला व्हिटॅमिन डी लागतं आणि ते डी३च हवं, डी२ कोंबडीला फारसं उपयोगी पडत नाही.

घरी खाद्य बनवत असाल तर प्रिमिक्स (व्हिटॅमिन-खनिजांचं तयार मिश्रण) पाकिटावरच्या मापानेच घ्या, आधी थोड्या भरड्यात नीट कालवा, मग ते सगळ्या खाद्यात मिसळा, थेट ढिगावर ओतलं तर एकीला भरपूर आणि दुसरीला काहीच नाही असं होतं. पाकीट थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा आणि फोडलं की लवकर संपवा. तयार लेयर खाद्य देत असाल तर वेगळं प्रिमिक्स नकोच, व्हिटॅमिन ए आणि डी शरीरात साठतात, जास्त झाले की त्रास देतात.

पाण्यातलं व्हिटॅमिन आजारपणात, कडक उन्हात, लसीनंतर असं थोडे दिवस ठीक आहे, पण पाणी रोज ताजं बनवा. उन्हाळ्यात कोंबडी धापा टाकते, त्यानेही कवच पातळ होतं, तिथे सावली आणि गार पाणी आधी.

एवढं करून दोनेक आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा अंडी वेडीवाकडी, सुरकुतलेली येत असतील, तर पशुवैद्यांना दाखवा, आजारही असू शकतो.