मधुमेहाच्या रुग्णाचे पाय रोज कसे तपासावेत

वैशाखात सासूबाई काळारामाच्या दर्शनाला जाऊन आल्या, जेवल्या, आडव्या झाल्या. संध्याकाळी चादरीवर ओला डाग दिसला. आवारातल्या तापलेल्या फरशीने तळव्याला फोड आला होता आणि तो फुटलाही होता. दुखलं नाही? "नाही गं, काहीच नाही."

घात तिथेच होतो. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, रक्तपुरवठाही कमी होतो. म्हणून जखम कळत नाही आणि लवकर भरतही नाही. तेव्हा "दुखतंय का?" हे विचारण्यावर थांबू नका, स्वतः बघा.

रोज रात्री चांगल्या उजेडात तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या पाहा. रुग्ण एकटा राहत असेल तर आरसा जमिनीवर ठेवून त्यावर पाय धरायचा. लाली, सूज, भेग, फोड, बेचक्यांतला पांढरट ओलावा शोधा. हातही लावा, एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर डॉक्टरांना दाखवा.

मग पाय कोमट पाण्याने धुवा. पाणी किती गरम आहे ते तुम्ही कोपर बुडवून बघा, रुग्णाच्या पायावर भरवसा नको. पाय भिजत ठेवू नका. बेचक्या टिपून कोरड्या करा. खोबरेल तेल टाचांना लावा, बेचक्यांत अजिबात नाही. नखं सरळ कापा. कुरूप ब्लेडने काढू नका, कॉर्नची पट्टीही नको. तिच्यातल्या आम्लाने कातडी जळते. निफाडचा पारा उतरला की आपल्याकडे शेकायच्या पिशव्या निघतात. या पायांना मोजेच बरे.

चप्पल संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. घालण्याआधी आत हात फिरवा. घरातही अनवाणी नको. देवळात सकाळी लवकर, जाड सुती मोजे घालून जा. श्रावणात ब्रह्मगिरीची अनवाणी फेरी मात्र नाहीच. (यावरून आमच्याकडे दोन दिवस अबोला होता.)

जखम दिसलीच तर स्वच्छ पाण्याने धुऊन निर्जंतुक गॉज बांधा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हळद, चुना, टूथपेस्ट काही लावू नका. ताप, दुर्गंधी किंवा काळपटपणा असेल तर रात्र असली तरी रुग्णालयात न्या.

काही दिसत नसलं तरी वर्षातून एकदा संवेदनेची तपासणी करून घ्या. डॉक्टर नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला टेकवतात आणि रुग्णाने डोळे मिटून "लागलं" म्हणायचं असतं. सासूबाई बराच वेळ गप्पच बसल्या होत्या.