शुगरवाल्यांना चालायला शिकवायचंय? आधी थांबायला शिकवा

‘सकाळी रिकाम्या पोटी, घाम निघेपर्यंत चाला’ असं सांगणारा माणूस समोरचा कुठली गोळी घेतो हे कधीच विचारत नाही. बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोवर मी कित्येक वर्षं शुगरवाल्यांना चालवतेय, आणि या एका सल्ल्यानं झालेले हाल मी पाहिलेत.

म्हणून पहिल्या दिवशी डॉक्टरांची चिठ्ठी मागून घ्या. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर चालताना साखर फार उतरण्याची भीती कमी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर साखर फार उतरू शकते, त्या माणसावर डोळा ठेवावा लागतो. छातीत दुखतंय, चढावर दम लागतोय किंवा डोळ्याच्या पडद्यातून रक्तस्राव झालाय, अशांना डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय घेऊ नका.

बूट-मोजे हवेतच. दवावर अनवाणी चाललं की डोळे सुधारतात म्हणे. पायाची संवेदना गेलेल्याला काटा रुतलेलाही कळत नाही. घरी गेल्यावर तळवे बघायला सांगा.

अशा गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघण्याआधी साखर तपासावी. ९० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खायचं. २५० च्या वर असून उलटी, मळमळ, अशक्तपणा असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टरांना फोन. चालायला जायच्या आधी इन्सुलिन मांडीत टोचू नये, पोटावर घ्यावं. चालत्या मांडीतून ते लवकर भिनतं.

वेग असा ठेवा की बोलता येईल, गाता येणार नाही. १० मिनिटांपासून सुरू करून आठवड्याला १५० मिनिटांवर न्या. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड नको.

आता खरं अवघड काम. साखर उतरलेली ओळखणं.

मला वाटायचं, चक्कर आली की माणूस सांगेल. खानापूरकडचे एक मामा गटात होते, अगदी अबोल. एका डिसेंबरात ते सगळ्यांशी वाद घालायला लागले. ‘मला काय शिकवतेस?’ असं माझ्यावरही खेकसले. मी मनाला लावून घेतलं आणि त्यांना सोडून पुढं गेले. दोन फेऱ्यांनी बघते तर झाडाखाली बसलेले, आणि त्या थंडीत सदरा घामानं चिंब. मोजलं तर ५२. तो राग त्यांचा नव्हता, उतरलेल्या साखरेचा होता. मेंदूलाच साखर कमी पडते तेव्हा आपलं काय होतंय हे माणसाला स्वतःला कळेलच असं नाही.

तेव्हापासून मी कुणालाच एकटं चालू देत नाही. जोड्या लावते आणि जोडीदाराला शिकवते: थंडीत घाम, हात थरथरणं, अचानक चिडणं, बोलताना अडखळणं, पाय रेंगाळणं. ‘बरं हाय न्हवं?’ असं विचारू नका, सगळे ‘हाय की’च म्हणतात. ‘मामा, शंभरातून सात गेले किती?’ असं विचारा. कानडी बोलणाऱ्या बायका ‘तलि तिरगतैती’ म्हणजे डोकं गरगरतंय असं म्हणतात, तेही सगळ्यांना माहीत करून द्या. बीपीसाठी अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांना धडधड आणि थरथर जाणवत नाही. तिथं घामावरच लक्ष ठेवावं लागतं.

शंका आली की जागेवर बसायचं. ‘गेटापर्यंत जाऊ, मग बसू’ हे मी चालवून घेत नाही. तीन चमचे साखर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, पाण्यात घालून किंवा तशीच खायची. १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. बरेचजण खिशात कुंद्याचा, म्हणजे आमच्याकडच्या खव्याच्या मिठाईचा, तुकडा किंवा शेंगदाण्याची चिक्की ठेवतात. नको. खव्यातल्या आणि शेंगदाण्यातल्या चरबीमुळं साखर रक्तात उशिरा पोचते. बरं वाटल्यावर मग भाकरी, पोहे काहीही खा, पण त्या दिवशी पुन्हा चालू नका. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

याची तालीम पहिल्याच दिवशी, एक पाऊल टाकण्याआधी घ्या. प्रत्येकानं खिशातून साखर काढून उघडून दाखवायची. प्लॅस्टिकची बंद पाकिटं थरथरत्या हातांनी फाटत नाहीत, म्हणून मी कागदाची पुडीच बांधायला लावते.

आणि धोका मैदानावरच संपत नाही. जास्त कष्ट झाले की साखर पुढचे २४ तासही उतरू शकते, रात्री झोपेतसुद्धा. आमच्याकडं भाताच्या लावणीच्या दिवसांत हे हमखास बघायला मिळतं: एरवी घरात असणारी काकू दिवसभर चिखलात वाकते आणि गोळी मात्र नेहमीचीच घेते. त्या दिवसांत झोपण्याआधी साखर मोजायला सांगा, उशाशी पुडी ठेवायला सांगा. दोनदा उतरली तर तारीख, वेळ आणि आकडा वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. गोळी मोडून अर्धी करायचं काम घरच्या घरी करू नका.