पहिलं रोमन प्रांतिक नाणं घेण्याआधी

पैसे बाजूला काढण्याआधी ग्रीक मुळाक्षरं गिरवा, अवघी 24 आहेत. ही ब्राँझची नाणी रोमच्या अमलाखालच्या पूर्वेकडच्या शहरांनी आपापल्या नावानं पाडली; त्यांच्यावरचा लेख बहुतेक ग्रीक, रोमन वसाहतींचा तेवढा लॅटिन. त्यातला सिग्मा पुष्कळदा इंग्रजी सीसारखा दिसतो आणि ओमेगा डब्ल्यूसारखा.

सुरुवातीला एकच शहर धरा. मी निकैया सुचवेन, म्हणजे तुर्कस्तानातलं आजचं इझनिक. रोमन सम्राट सेव्हेरस अलेक्झांडरच्या काळातली (222–235), मागच्या बाजूला सैन्याचे तीन ध्वज असलेली या शहराची छोटी नाणी मुबलक आणि परवडणारी आहेत. ध्वजांच्या फटींत शहराचं नाव तुटक तुटक कोरलेलं असतं. तुकडे जोडून ‘निकैएओन’, म्हणजे ‘निकैयाकरांचं’, हे आपलं आपल्याला वाचता येणं, यासाठीच मी ही नाणी जमवतो.

दहा पट भिंग, सराफी काटा आणि व्यास मोजायला प्लॅस्टिकचा कॅलिपर जवळ हवा. ‘रोमन प्रोव्हिन्शियल कॉइनेज’ या सूचीचा पहिला खंड 1992 साली निघाला. आज ती इंटरनेटवर मोफत पाहता येते. वजन ताडून पाहा, पण एकाच छापाच्या नाण्यांत बराच फरक पडतो, तेवढ्यावरून नाणं खोटं ठरवू नका.

नाण्याच्या मधोमध बारीक गोल खळगा दिसला तरी बिचकू नका. छाप मारण्याआधी कोरी चकती घासून सपाट करताना तो राहिला असावा. समोरासमोर तोंड केलेल्या दोन चेहऱ्यांचं, मार्किआनोपोलिस (आजच्या बल्गेरियातलं शहर) इथलं एक देखणं नाणं मी याच खळग्यामुळे परत केलं, त्याची हळहळ अजून आहे. संशय घ्यायचा तो कडेवर सलग सांधा किंवा बुडबुड्यांचे खड्डे दिसले तर: ती ओतीव नक्कल असू शकते. फिकट हिरवी, नखानं निघणारी भुकटी असेल तर नाणं घेऊच नका. क्लोराइड आणि दमट हवा मिळून ते आतून खातात, म्हणून मुंबई-कोकणात पावसाळ्याआधी डब्यात सिलिका जेल टाका आणि पीव्हीसीची पाकिटं काढून टाका.

तुर्कस्तानातून प्राचीन नाणी बाहेर आणणं बेकायदा आहे. भग्नावशेषांपाशी कुणी विकायला आलं तर हात लावू नका. विक्रेत्याकडे जुन्या लिलावाची नोंद मागा, आणि नाण्यासोबत आधीच्या संग्राहकाची चिठ्ठी आली तर तुमची नवी चिठ्ठी तिच्यामागे ठेवा.